सन्मानाला झालेला उशीर

नवी दिल्लीच्या विज्ञान भवनात १६ सप्टेंबर २०२३ रोजी झालेला संगीत नाटक अकादमीचा समारंभ अशा प्रकारच्या नेहमीच्या सोहळ्यांहून वेगळा होता. तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते त्या दिवशी देशभरातील ८४ कलावंतांना 'अमृत पुरस्कार' प्रदान करण्यात आले. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त एकदाच द्यावयाच्या या पुरस्काराला दोन अटी होत्या. कलावंताने वयाची पंचाहत्तरी ओलांडलेली असावी, ही पहिली. आणि तोवर त्याला कोणताही राष्ट्रीय सन्मान लाभलेला नसावा, ही दुसरी. या अटींत बसणारे गायक, वादक, नर्तक, रंगकर्मी आणि लोककलावंत एकेक करून मंचावर आले आणि एक लाख रुपये, ताम्रपत्र व अंगवस्त्र घेऊन परतले. समारंभ प्रसन्न झाला आणि तो व्हावयासच हवा होता.

तथापि त्यातील दुसरी अट पुन्हा एकदा वाचावी अशी आहे. पुरस्कारासाठी कर्तृत्व पाहिले जाते, हे सर्वत्र रूढ आहे. येथे कर्तृत्वाच्या जोडीला उपेक्षेचाही दाखला आवश्यक ठरला. सत्तर वर्षांहून अधिक काळ कलेचा सन्मान करीत आलेल्या राष्ट्रीय संस्थेने स्वतःच्या नजरेतून निसटलेल्यांची यादी स्वतःच तयार केली आणि तिला मंगल नाव देऊन समारंभपूर्वक जाहीर केली. चूक मान्य करणे हा मोठेपणा आहे. परंतु चूक मान्य झाल्यावर ती का घडली आणि पुन्हा घडू नये म्हणून काय केले, हे दोन प्रश्न उभे राहतातच. पंचाहत्तर वर्षांतून एकदा येणाऱ्या अमृतमहोत्सवावर त्यांची उत्तरे सोपविता येणार नाहीत.

राजाश्रयाचा वारसा

हे प्रश्न समजून घेण्यासाठी अकादमीच्या जन्मकाळाकडे पाहावे लागते. केंद्र सरकारने १९५२ मध्ये ठराव करून संगीत नाटक अकादमी स्थापन केली आणि २८ जानेवारी १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते संसद भवनात तिचे उद्‌घाटन झाले. संस्थाने भारतात विलीन होऊन तेव्हा फार वर्षे लोटली नव्हती. बडोदे, कोल्हापूर, ग्वाल्हेर, रामपूर, मैहर, म्हैसूर या दरबारांनी ज्या गवयांना आणि वादकांना पोसले, त्यांच्या डोक्यावरील छत्र एकाएकी नाहीसे झाले होते. राजे गेले, पण गाणे राहिले. आणि त्या गाण्याची जबाबदारी आता प्रजासत्ताकावर आली होती. अकादमी ही त्या जबाबदारीची खूण होती.

१९५२ च्या पहिल्या पुरस्कारांत संगीताचे मानकरी चार होते. हिंदुस्थानी गायनासाठी मुश्ताक हुसेन खाँ, हिंदुस्थानी वादनासाठी अल्लाउद्दीन खाँ, कर्नाटक गायनासाठी अरियाकुडी रामानुज अय्यंगार आणि कर्नाटक वादनासाठी कारैकुडी सांबशिव अय्यर. यांतील मुश्ताक हुसेन खाँ रामपूर दरबारचे, तर अल्लाउद्दीन खाँ मैहर दरबारचे. ज्यांना काल राजाने मान दिला त्यांना आज राष्ट्र मान देत आहे, एवढा स्वच्छ अर्थ त्या निवडीत होता. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, केसरबाई केरकर यांची निवड झाली. १९५५ मध्ये मराठी रंगभूमीवरील अभिनयासाठी बालगंधर्वांना हा पुरस्कार मिळाला. त्या काळी पुरस्काराला थोरपण आले ते या नावांमुळे. केसरबाईंना अकादमीची गरज होती त्यापेक्षा अकादमीलाच केसरबाईंची गरज अधिक होती.

राजाश्रयात दोष होते. तो लहरी होता, आणि त्यात अनेक गुणी माणसे आयुष्यभर देवडीवरच राहिली. मात्र त्यात एक गुण होता, ज्याची आठवण आज सोयीस्करपणे विसरली जाते. दरबाराचा आश्रय चालू आयुष्याला मिळत असे. गवई गात असताना त्याच्या घरची चूल पेटती राहील, शिष्याच्या पोटाची सोय होईल आणि रियाजाला उसंत सापडेल, अशी ती व्यवस्था होती. लोकशाही शासनाने गुणांची पारख समितीकडे सोपविली, हे योग्यच झाले. पण आश्रयाची जागा हळूहळू गौरवाने घेतली, आणि गौरव ही आयुष्याच्या उतरणीवर करावयाची गोष्ट आहे असा समज दृढ झाला.

तारखांचा हिशेब

गेल्या काही वर्षांतील तारखा या दृष्टीने बोलक्या आहेत. २०१८ सालचे अकादमी पुरस्कार जुलै २०१९ मध्ये जाहीर झाले आणि त्यांचे प्रदान एप्रिल २०२२ मध्ये, तत्कालीन उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते झाले. २०१९, २०२० आणि २०२१ या तीन वर्षांचे पुरस्कार एकत्रितपणे नोव्हेंबर २०२२ मध्ये घोषित झाले. कलावंतांची संख्या होती १२८. त्यांचा समारंभ २३ फेब्रुवारी २०२३ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पार पडला. पुढील दोन वर्षांचे पुरस्कारही एकत्रच, ६ मार्च २०२४ रोजी देण्यात आले.

या विलंबाला कोरोनाच्या साथीचे कारण आहे आणि ते खरेही आहे. प्रेक्षागृहे बंद असताना समारंभ होणे शक्य नव्हते. परंतु समारंभ बंद पडला म्हणून निवडही थांबावी, असे मात्र नाही. निवडीसाठी पत्र पुरते, सभेसाठी दूरध्वनी आणि पडदा पुरतो. त्याच दोन वर्षांत देशातील हजारो कलावंतांचे कार्यक्रम बुडाले होते. ज्या काळात एक लाख रुपयांची आणि 'राष्ट्राला तुमची आठवण आहे' या एका ओळीच्या पत्राची खरी गरज होती, नेमक्या त्याच काळात यादी दप्तरात राहिली. तीन वर्षांचे मानकरी एका दुपारी मंचावरून सरकले की प्रत्येकाच्या वाट्याला किती क्षण येतात, हा हिशेब वेगळाच.

या विलंबाचा अर्थ काय होतो, हे मालिनी राजूरकर यांच्या उदाहरणावरून ध्यानी यावे. राजस्थानात वाढलेल्या आणि अजमेरला गणित शिकविणाऱ्या या मराठी गायिकेने गोविंदराव राजूरकर आणि पुढे पती वसंतराव राजूरकर यांच्याकडे ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेतली. हैदराबादेत राहून त्यांनी जे गाणे केले त्यात कोठेही प्रदर्शन नव्हते. टप्पा हा प्रकार गळ्याची कठोर परीक्षा घेणारा. द्रुत ताना, खटके, मुरक्या यांची त्यात अशी दाटी की बहुतेक गायक त्याला दुरून नमस्कार करतात. मालिनीताईंनी तो सहजतेने गाऊन मैफलीत पुन्हा प्रतिष्ठित केला. पुणे-मुंबईच्या रसिकांनी त्यांना फार पूर्वीच आपले मानले होते. अकादमीचा पुरस्कार त्यांना २००१ साली मिळाला. अकादमीची अधिछात्रवृत्ती, म्हणजे तिचा सर्वोच्च सन्मान, जाहीर झाला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये, त्या एक्याऐंशी वर्षांच्या असताना. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या वर्षांचा प्रदान समारंभ झाला आणि ६ सप्टेंबर २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. अमृत पुरस्कारांच्या समारंभाला तेव्हा दहा दिवस उरले होते.

त्याच यादीत अधिछात्रवृत्तीचे एकूण दहा मानकरी होते. भरतनाट्यमच्या गुरू सरोजा वैद्यनाथन त्यांपैकी एक. त्याही त्याच महिन्यात, २१ सप्टेंबरला गेल्या. म्हणजे दहांपैकी दोघी सन्मानानंतर सात महिन्यांच्या आत निवर्तल्या. यात कोणाचा दोष नाही, मृत्यू तारीख विचारून येत नाही, हे मान्य. पण ज्या सन्मानाचा सरासरी मानकरी ऐंशीच्या घरातला असतो, त्या सन्मानाच्या बाबतीत प्रत्येक वर्षाचा विलंब हा काही जणांच्या बाबतीत कायमचा नकार ठरतो, एवढे गणित तरी व्यवस्थापनाला करता यावयास हवे.

परिपक्वता आणि प्रतीक्षा

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारार्ह आहे. हिंदुस्थानी संगीत ही दीर्घ साधनेची कला आहे. साठीनंतर गाणे खऱ्या अर्थाने पिकते, अशी कित्येक उदाहरणे आहेत. मल्लिकार्जुन मन्सूर यांची थोरवी सर्वदूर पोहोचली ती त्यांच्या उत्तरायुष्यात. अधिछात्रवृत्ती एका वेळी चाळीसच हयात व्यक्तींना असू शकते, म्हणजे तेथे जागा रिकामी होण्याची वाट पाहणे आलेच. मान दुर्मीळ राहिला तरच तो मान राहतो. पंचविशीतल्या प्रत्येक होतकरू गायकाला तो वाटला तर त्याची किंमत काय उरेल?

हे सारे खरे आहे. मात्र परिपक्वतेची वाट पाहणे आणि पारख करण्यास विसरणे यांत अंतर आहे. मोगूबाई कुर्डीकर यांना अकादमीचा पुरस्कार १९६८ मध्ये मिळाला. केसरबाईंनंतर पंधरा वर्षांनी. दोघीही अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. या पंधरा वर्षांत मोगूबाईंचे गाणे पिकले असे कोणी म्हणणार नाही. ते त्याआधीच पिकलेले होते. त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांना हा पुरस्कार १९८५ मध्ये मिळाला. तोवर त्यांच्या गाण्याने एका पिढीच्या कानांचे वळण बदलले होते. ज्यांना अखेरीस मान मिळाला त्यांची ही गोष्ट. ज्यांची पाळी आलीच नाही त्यांची नावे इतिहासात शोधावी लागतात, आणि अमृत पुरस्काराच्या दुसऱ्या अटीने ओझरता उल्लेख केला तो त्यांच्या वर्गाचा.

हा वर्ग कोणाचा, हेही पाहण्यासारखे आहे. मैफलीच्या मध्यभागी बसणाऱ्याकडे लक्ष आपोआप जाते; बाजूला बसणाऱ्याकडे ते वळवावे लागते. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर घातलेली बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडले. त्या तीस वर्षांत हे वाद्य घराघरांत, कीर्तनात, नाट्यसंगीतात वाजतच होते; फक्त सरकारी कानाला ते ऐकू येत नव्हते. हार्मोनियमच्या संगतीचे शास्त्र स्वतःच्या बोटांनी घडविणाऱ्या अप्पा जळगावकर यांना अकादमीने २००० साली गौरविले, ही आनंदाची गोष्ट. परंतु गावोगावी तबल्याची, पेटीची, सारंगीची साथ करून आयुष्य काढणाऱ्या असंख्य कलावंतांना दिल्लीचे निमंत्रण कधी येत नाही. साथीदाराशिवाय मैफल होत नाही, पण साथीदाराची नोंद मात्र होत नाही.

ताम्रपत्र आणि चूल

लोककलावंतांची स्थिती याहून बिकट. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरव झाला. तरीही जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा रुग्णालयाचा खर्च भागविण्यासाठी इतरांच्या देणग्यांचा आधार घ्यावा लागला होता. पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. हयातीत ज्यांना औषध पुरले नाही, त्यांच्या नावाने आता दरवर्षी मानपत्र दिले जाते. हेतू चांगला आहे. पण त्यातील विसंगती झाकत नाही.

सन्मान आणि निर्वाह या दोन गोष्टी शासनाच्या दप्तरात वेगवेगळ्या फडताळांत ठेवलेल्या आहेत. अकादमीचा पुरस्कार एक लाखाचा आणि तो एकदाच. वृद्ध कलावंतांसाठी केंद्राची साहाय्य योजना वेगळी. तिची कमाल मर्यादा दरमहा सहा हजार रुपयांची, आणि तीसाठी अर्ज, वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला हे सर्व सोपस्कार. राष्ट्राने ज्याच्या कलेची पारख केली आहे त्यालाच पुढे गरिबीचा दाखला घेऊन खिडकीशी उभे राहावे लागावे, याला प्रशासकीय कारण असू शकेल, पण सांस्कृतिक समर्थन असू शकत नाही.

दुसऱ्या टोकाला तरुण आहेत. अकादमीने २००६ पासून चाळिशीच्या आतील कलावंतांसाठी उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या नावाने युवा पुरस्कार सुरू केला. उपक्रम स्वागतार्ह, चालू आयुष्याकडे पाहणारा तो अकादमीचा एकमेव ठळक पुरस्कार आहे. रक्कम पंचवीस हजार रुपये. एक बऱ्यापैकी तानपुरा आणि थोडा प्रवासखर्च यांत ती संपते. २०१९ ते २०२१ या वर्षांसाठी १०२ तरुणांना तो एकत्रितपणे जाहीर झाला, म्हणजे उशिराचा संसर्ग तेथेही पोहोचला. चाळिशीची अट असलेला पुरस्कार तीन वर्षे रेंगाळला, की तो तरुणाला ऐन गरजेच्या वेळी मिळत नाही. ज्या बिस्मिल्ला खाँसाहेबांचे नाव या पुरस्काराला आहे, त्यांना अकादमी पुरस्कार १९५६ मध्ये आणि भारतरत्न २००१ मध्ये मिळाले. त्यांच्या पश्चात त्यांच्या चांदीच्या शहनाया घरातूनच चोरीस गेल्या आणि वितळविल्या गेल्याचे २०१७ मध्ये उघडकीस आले. सतरा हजार रुपयांना त्या विकल्या गेल्या होत्या. राष्ट्राने माणसाचा गौरव केला, पण त्याच्या वाद्यांचे जतन करण्याची व्यवस्था मात्र कोणाच्याच कामात मोडत नव्हती.

पारख कोणी करावी?

निवड अकादमीची सर्वसाधारण परिषद करते. तिच्यात कलावंत आहेत, अभ्यासक आहेत, राज्यांचे प्रतिनिधी आहेत. पण जाहीर होते ती केवळ नावांची यादी. अमुकाची निवड का झाली, याची कारणमीमांसा लोकांसमोर येत नाही; मग तर्काला ऊत येतो आणि पात्र माणसाच्या पुरस्कारावरही वशिल्याची सावली पडते. सतारवादक विलायत खाँ यांनी २००० साली पद्मविभूषण नाकारताना निवड करणाऱ्यांच्या अधिकारावरच बोट ठेवले होते. त्यांचा स्वभाव तिखट होता हे सोडून दिले तरी त्यांनी विचारलेला प्रश्न पद्म सन्मानांइतकाच अकादमीलाही लागू आहे. पारख करणाऱ्याने आपली कसोटी दाखविली पाहिजे.

यापेक्षा वेगळ्याच दिशेने संसदेच्या परिवहन, पर्यटन आणि संस्कृतिविषयक स्थायी समितीने जुलै २०२३ मध्ये विचार केला. २०१५ साली अनेक लेखकांनी अकादमी पुरस्कार परत केले होते. तसे पुन्हा होऊ नये म्हणून मानकऱ्याची आगाऊ लेखी संमती घ्यावी, अशी शिफारस तिने केली. पुरस्कार परत करणे योग्य की अयोग्य, याविषयी मतभेद असू शकतात. तेव्हाही ते होते. पण हमीपत्रावर सही घेऊन दिलेला मान हा मान राहत नाही, तो करार होतो. बक्षीस देताना दरबारही गवयाकडून असा कागद लिहून घेत नसे. राष्ट्राला आपल्या पुरस्काराची शान राखावयाची असेल, तर तो परत करण्याची इच्छाच होऊ नये इतकी निवड स्वच्छ आणि वेळेवर ठेवणे हा त्याचा मार्ग आहे.

उपाय अवघड नाहीत. साहित्य, क्रीडा, चित्रपट या क्षेत्रांतील पुरस्कारांनाही विलंबाचा रोग आहे. तरीही अकादमीने स्वतःपुरती एक तारीख ठरवून ती पाळावी. २८ जानेवारी हा तिचा उद्‌घाटनदिन उपलब्ध आहे. ज्या वर्षाचा पुरस्कार, त्याच्या पुढच्या २८ जानेवारीला तो मिळालाच पाहिजे. प्रत्येक निवडीची कारणे एका परिच्छेदात प्रसिद्ध व्हावीत. पुरस्कार जाहीर होताच त्या कलावंताला, त्याची गरज असल्यास, अर्जाविना निर्वाहवेतन सुरू व्हावे. साथीदारांसाठी आणि वाद्यकारागिरांसाठी दरवर्षी काही जागा निश्चित असाव्यात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते मानांकन गावाला आणि वस्तूला आहे. भोपळा पारखून, जवारी काढून तानपुरा बोलता करणारा हात कोणाचा, हे राष्ट्राने विचारावयास हवे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अकादमीपाशी ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह आहे. प्रत्येक मानकऱ्याचे गाणे-वाजवणे, त्याची बंदिशींची पुंजी आणि शिकविण्याची पद्धत त्याचा आवाज व हात शाबूत असताना तेथे जमा झाली पाहिजे. ऐंशीव्या वर्षी ताम्रपत्र देता येते, टप्पा मात्र मुद्रित करता येत नाही.

अकादमीचे दिल्लीत उद्‌घाटन झाले त्याच १९५३ सालात पुण्यात भीमसेन जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू केला. त्यामागे शासनाचा ठराव नव्हता, ताम्रपत्र नव्हते. तेथे होते ते कलावंत आणि थंडीत रात्र रात्र बसणारे श्रोते. अनेक गायक-वादकांना त्या मंडपात ऐन उमेदीत ओळख मिळाली, कारण श्रोता दाद देण्यासाठी तीन वर्षे थांबत नाही. सम आली की मान हलते. समेवर दिलेली दादच गायकाला पुढच्या आवर्तनाचे बळ देते. मैफल उठल्यावर ती दिली तर तिला अर्थ उरत नाही. राष्ट्रीय सन्मानाने ही साधी गोष्ट श्रोत्यांकडून शिकली, तर कलावंताला उपेक्षेच्या दाखल्यावर मंचावर बोलाविण्याची वेळ पुन्हा येणार नाही.